डोक्यावरून उतरवलेला विग

मी एक विग आहे. कुरळा, काळाभोर, टोपलीएवढा. माझे केस मुळात कोणाच्या डोक्यावरचे, मला ठाऊक नाही. ते सरळ होते एवढं खरं. कारागिरानं ते बारीक काड्यांवर गुंडाळले, वाफ दिली आणि जाळीत ओवले. जन्मानं एक आणि दिसायला भलताच, असा मी. म्हणूनच माणसांच्या दिसण्याबद्दल मला भारी कुतूहल.

मला बनवलं एका सिनेमासाठी. गोरं जोडपं काळ्या मुलीला दत्तक घेतं, अशी त्याची गोष्ट. त्या मुलीचं काम करणारी पोर खऱ्या आयुष्यातही दत्तकच आलेली. तिची गोरी आई रोज सोबत यायची. पहिल्या दिवशी दारावरचा माणूस तिला म्हणाला, "बाई, मुलीच्या आईला पाठवा."

"आलेय ना," ती म्हणाली आणि मेकअपच्या खोलीत पुस्तक उघडून बसली.

मुलीचे स्वतःचे केस कुरळेच होते, पण घट्ट वेण्या घातलेले. दिग्दर्शकाला ते पटेना. "लांबून कळलं पाहिजे, ही त्यांच्यातली आहे."

"कोणातली?" मुलीनं विचारलं.

तो नुसता हसला आणि मी तिच्या डोक्यावर चढलो.

तिला काय काय करायला लावलं! गाणं लागलं की नाचायचं, ताट दिसलं की अधाशासारखं तुटून पडायचं. मला वाटलं, असतील बुवा अशी मुलं. पण मी जिच्या डोक्यावर होतो ती नाचायला लाजायची आणि डब्यातले वाटाणे वेचून बाजूला काढायची. मग ही सिनेमातली मुलगी कोणी, कुठे पाहिली होती?

शेवटच्या प्रसंगात तिला म्हणायचं होतं, "आई, तुम्ही मला वाचवलंत. मी तुमची कायमची ऋणी आहे." पोरीनं मान हलवली, नाही म्हणून.

"काय झालं?" दिग्दर्शकानं विचारलं.

"मी आईला असं कधी म्हणत नाही."

"मग काय म्हणतेस?"

"माझी चप्पल कुठे टाकलीस?"

सगळे हसले. तो नाही हसला. "बाळा, लोकांना रडू यायला हवं."

"मग केस विंचरतानाचं घ्या. आईला माझे केस जमायचेच नाहीत. मी रडायचे, मग तीही रडायची. अजून तिला भांग सरळ पाडता येत नाही."

"पाडता येतो हं," कोपऱ्यातून आई म्हणाली. पुस्तक मिटलेलं होतं.

दिग्दर्शक दोघींकडे वळला. मग म्हणाला, "कंगवा आणा."

मला उतरवलं. वेण्या सोडल्या. सिनेमातली आई विंचरू लागली आणि कंगवा अडकला. "अगं आई, टोकाकडून सुरू कर ना!" मुलगी खेकसली. हे वाक्य कोणी लिहिलेलं नव्हतं. कॅमेरा चालूच राहिला.

तो प्रसंग सिनेमात आला. नाचही राहिलाच, तो काढायला दिग्दर्शकाचं मन होईना.

शूटिंग संपलं त्या दिवशी मुलीनं गंमत म्हणून मला स्वतःच्या आईच्या डोक्यावर बसवलं.

"कशी दिसते?"

पोरगी निरखत राहिली. "दुसऱ्याच कोणाची तरी आई वाटतेस. काढ."

आता मी कपडेपटात एका लाकडी डोक्यावर असतो. येणारा-जाणारा मला घालून बघतो आणि लगेच आवाज बदलतो, खांदे उडवतो, डोळे फिरवतो. अहो, ही नक्कल ज्याची करता त्या माणसाला कधी भेटलायत का? भेटलात तर मला जरूर सांगा. मी त्याला अजून पाहिलेलं नाही.