खडीच्या ढिगावरचं बिऱ्हाड

खाण वाढवायची तर शेजारचा उतार पोखरावा लागणार होता, आणि उतार पोखरायचा तर तिथे तो पक्षी नांदत नाही याची कुणीतरी खात्री द्यायला हवी होती. हे कुणीतरी म्हणजे पाहणीवाल्या मावशी. पक्षी टिटवीच्या जातीतला, मुठीएवढा, गोट्यांच्या रंगाचा, आणि जगातून इतका संपत आलेला की त्याच्यासाठी कायदा झाला होता. उतारावर त्याचा वावर दिसला तर उतार वाचणार. नाही दिसला तर त्याची खडी होऊन कुठल्यातरी रस्त्याखाली जाणार.

मावशींची पाहणीची रीत निराळी होती. त्या घडीची खुर्ची मांडत, डोळे अर्धे मिटत आणि काहीच शोधत नसत. शोधायला गेलं की सगळे गोटेच दिसतात, असं त्यांचं म्हणणं. नजर सैल सोडली की त्या पसाऱ्यातला एखादा गोटा श्वास घेताना दिसतो. घरी त्यांचे यजमान याला डुलकी म्हणत.

"क्रशर बंद ठेवाल का थोडे दिवस?" त्यांनी मुकादमाला विचारलं.

मुकादम भला माणूस. वाढीव खाणीवर नवं यंत्र येईल, त्यावर मेहुण्याला बसवू, असं बायकोला कबूल करून बसलेला. तोवर मेहुणा मुकादमाच्या घरात, मुकादमाच्याच खुर्चीवर बसत होता.

"ठेवतो की. पण मावशी, झोप लागली तर उठवायचं का?"

"पक्षी दिसला तर उठवा."

खडी फोडणारा क्रशर थांबला. वर्षानुवर्षं हवेत राहिलेली धूळ अखेर खाली बसली. माणसं हळू बोलू लागली. डंपरवाले चपला हातात घेऊन चालू लागले. दुपारी उन्हात उतार पाण्यासारखा हलायचा आणि गोटे त्यात तरंगत असल्यासारखे वाटायचे. मग ज्याला त्याला पक्षी दिसू लागला. वजनकाट्यावरच्या कारकुनाला तर तो आपल्या कपातला चहा पिताना दिसला. दिसत नव्हता तो फक्त मावशींना.

उतारावर गवत वाढलं होतं. अंडी घालायला या पक्ष्याला उघडे गोटे लागतात. आपण यायला उशीर केला, असं मावशींना रोज थोडं थोडं वाटू लागलं.

शेवटी त्यांनी खुर्ची मिटली, कंबर सरळ केली आणि त्या मागे वळल्या. मागे धुतलेल्या बारीक खडीचा सपाट ढीग होता. काम थांबल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. त्यातल्या एका गोट्याने श्वास घेतला.

इतके दिवस मावशी उताराकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि पाहुणीने त्यांच्या पाठीमागे अंडी घालून बिऱ्हाड थाटलं होतं. तेही मावशींनीच मागून घेतलेल्या शांततेत.

"म्हणजे उतारावर नाही," मुकादम म्हणाला. त्याचा चेहरा मेहुणा उठून गेल्यासारखा मोकळा झाला होता.

नकाशावर मावशींचं बोट ढिगावर होतं. बोट जरासं डावीकडे सरकवलं की उतार वाचत होता. त्यांनी बोटाकडे बराच वेळ पाहिलं. बोट जागचं हललं नाही. मावशींच्या घरात सगळ्यांचीच बोटं हट्टी.

"ढिगावरच," त्या म्हणाल्या. "पण पिल्लं निघेपर्यंत ढीग हलवायचा नाही. आणि तोवर पाहणी संपली असं मी म्हणणार नाही."

"पिल्लं निघाली की झालं ना?"

"मग झालं," मावशी म्हणाल्या, आणि उताराकडे न बघता त्यांनी मिटलेली खुर्ची पुन्हा मांडली.

पिल्लं निघाली ती कोवळ्या उन्हात. कापसाचे पुंजके आणि खाली काड्यांचे पाय. या जातीत आई भरवत बसत नाही. जन्मलं की उठायचं आणि आपलं पोट आपण बघायचं. आई पुढे झाली. पुंजके ढिगावरून घरंगळत उतरले, डंपरच्या वाटेवर आले, उभ्या डंपरच्या चाकांमधून रमतगमत पलीकडे गेले आणि थेट उताराच्या ओल्या गवतात शिरले. मुकादमाने टोपी काढली. का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"हे कुठे निघाले?"

"जेवायला. किडे तिकडेच."

ऊन चढल्यावर पिल्लं आईच्या पंखाखाली बसायला खडीवर परतली. भूक लागली की पुन्हा उतार.

"म्हणजे मावशी," मुकादम सावकाश म्हणाला, "ढीग त्यांची निजायची खोली, आणि उतार स्वयंपाकघर?"

"तसंच म्हणा."

मुकादमाने स्वयंपाकघर पाडून टाकल्यावर आपली बायको काय म्हणेल याचा विचार केला. विचार पुरा करायची गरज पडली नाही.

"लिहा मग. उताराला हात लावायचा नाही म्हणून लिहा. घरी मेहुण्याचं काय ते मी बघतो."

मेहुण्याला काम लागलं. पिल्लं वाट ओलांडायला लागली की लाल फडकं दाखवून डंपर थांबवायचे, एवढंच. जाताना मावशी आपली घडीची खुर्ची त्याला देऊन गेल्या. तो दिवसभर तिच्यावर डोळे अर्धे मिटून बसतो. समोर डंपर इंजिन बंद करून उभे असतात, उतारावरचं गवत हलत असतं, आणि कुणी हटकलं तर तो डोळे न उघडता सांगतो, पाहणी चालू आहे.