बाजारात न आलेली शर्यत

मी एक व्हिडिओ गेम बोलतोय. तुम्ही मला ओळखणार नाही, कारण मी कधी दुकानात आलोच नाही. चंद्रपुरातल्या एका घरात, टीव्हीखालच्या कन्सोलमध्ये, एकुलत्या एका डिस्कवर मी राहतो.

माझं मूळ रूप मात्र नावाजलेलं होतं. माणसाएवढं उंच यंत्र, त्यात धावण्याची शर्यत. दोन बटणं आलटून पालटून जितक्या भराभर दाबाल, तितका धावपटू जोरात पळणार. जटपुरा गेटजवळ गुलाम रसूल यांचं गेम पार्लर होतं, तिथं ते यंत्र होतं. त्यांची मुलगी फरहत शाळा सुटली की स्टुलावर उभी राहून खेळायची. पुढे मोबाइल आले, पार्लर बंद पडलं, यंत्र भंगारात गेलं.

फरहत मोठी होऊन हैदराबादला गेम बनवणाऱ्या कंपनीत लागली. तोच जुना खेळ घरच्या टीव्हीवर आणायचं काम निघालं, तेव्हा तिनं ते मागून घेतलं. असा मी जन्मलो. यंत्रात वेळ संपली की खेळ संपायचा. फरहतनं माझ्यात सरावाची एक जास्तीची शर्यत घातली, तिला वेळेचं बंधन नव्हतं.

मी तयार झालो आणि कंपनीनं बेतच रद्द केला. चाचणीची एक डिस्क तेवढी साहेबांनी तिला घरी नेऊ दिली.

ती मला घेऊन आली तेव्हा गुलाम रसूल लकव्यातून नुकते सावरत होते. उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा.

"अब्बा, हे तुमचंच मशीन आहे," ती म्हणाली.

ते पडद्यावरचं मैदान बघत राहिले. "दुकानात कधी येते हे?"

"येत नाई. कंपनीनं बंद केलं."

"काऊन?"

"खपणार नाई म्हणते."

खेळाच्या रिमोटसाठी डावा हात पुढे करून ते म्हणाले, "दे इकडं."

एकाच हातानं ते एक बटण दाबायचे, मग दुसरं शोधायचे. बाकीचे धावपटू केव्हाच पोचले. वेळ संपली, मला त्यांना थांबवावं लागलं. वाईट वाटलं, पण माझी घडणच तशी.

"आता नाई जमत बेटा मले."

फरहतनं सरावाची शर्यत लावली. रिकाम्या मैदानात त्यांचा एकटा धावपटू पाऊल टाकी, थांबे, पुन्हा टाकी. शेवटी त्यानं अंतिम रेघ ओलांडली आणि पडद्यावरच्या प्रेक्षकांनी गजर केला. आवाज ऐकून त्यांची बायको सलीमाबी स्वयंपाकघरातून आली.

"काय झालं जी?"

"पोचलो," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

फरहत नोकरीवर परतली. तो सगळा उन्हाळा कूलरसमोर बसून ते रोज धावले. डावा अंगठा चपळ झाला. मला एकच खेळाडू मिळाला, पण दुसरा हवासा वाटला नाही. थंडीत त्यांना पुन्हा झटका आला. त्यातून ते उठले नाहीत.

आता घरात सलीमाबी एकट्याच. इथल्या खाणींतल्या कोळशाची काळी धूळ माझ्यावर साचू देत नाहीत. दुपारी मला चालू करतात, सरावाची शर्यत लावतात आणि तांदूळ निवडत बसतात. खेळत नाहीत. धावपटू सुरुवातीच्या रेघेवर उभा, प्रेक्षक कुजबुजत असतात.

एकदा शेजारचा दिनेश डबा परत द्यायला आला. "चाची, नुसतंच लावून काऊन बसता?"

"असू दे. घरात आवाज राह्यते."

आज रिमोट पुसताना त्यांचा अंगठा बटणावर पडला. धावपटूनं एक पाऊल टाकलं. सलीमाबींचा हात थांबला. पदरानं तोंड पुसून त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, मग रिमोट हळूच खाली ठेवला.

सलीमाबी, त्याचा एक पाय पुढे आहे. दुसरं बटणही दाबून बघा ना.