कडब्याच्या गंजीतले हँडल

मी एक जुने हँडल आहे. मोटारीच्या पुढच्या भोकात घालून गरागरा फिरवतात, ते. हसू नका मित्रांनो, माझ्यावाचून आमच्या डॉक्टरांची मोटार जागची हलत नसे.

डॉक्टर जयसिंगराव मुळशीतल्या एका लहान दवाखान्यात सर्जन होते. पत्नी रत्नाबाई आणि लेक पुण्यात. शनिवारी पुण्याला निघायला डॉक्टर मला हातात घेत, तेवढ्यात एखादा रोगी डोलीतून दारात येई. मग मी सीटखाली आणि ते ऑपरेशनला. आम्ही दोघेही तिथे पुरते अडकलो होतो.

शेवटी त्यांची पुण्याला बदली झाली. सुटले एकदाचे, असे मला वाटले. पण निघायच्या आदल्या दिवशी गावातल्या हैबतरावांनी मला पळवले आणि आपल्या कडब्याच्या गंजीत खोचले. त्यांच्या मुलाच्या पोटाचे ऑपरेशन डॉक्टरांनी नुकतेच केले होते.

"अवो, ऱ्हाता का म्हनून इचारा की त्यास्नी," त्यांची बायको साळूबाई म्हणाली.

"इचारलं आन् न्हाई म्हनालं तर?"

दुसऱ्या दिवशी माझी शोधाशोध झाली. मोटारीला धक्का मारायला गडी मागितले, तर साऱ्या गावाला एकाएकी कामे निघाली. डॉक्टर मुलाचे टाके बघायला हैबतरावांकडे आले आणि जाताना गंजीपाशी थबकले. माझे टोक बाहेर दिसत होते. आता हैबतरावांची चांगली खरडपट्टी निघणार, म्हणून मी खूश झाले. डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिले, मला आणखी आत ढकलले आणि वर पेंढी सारली. मी थक्कच झाले. मग त्यांनी बदलीही रद्द करून घेतली.

आठवड्याने रत्नाबाई लेकीला घेऊन आल्या. डॉक्टर मुलाला तपासत होते, म्हणून त्या थेट हैबतरावांच्या अंगणात आल्या.

"हँडलच चोरीला गेलं. काय करणार?" डॉक्टर म्हणाले.

"एसटी होती ना?"

डॉक्टर मुलाची पट्टी पुन्हा बांधू लागले. मी हातभर अंतरावर होते. ओरडून सगळे सांगावे, असे फार वाटले. पण लोखंडाला तोंड कुठले? रत्नाबाई चहा न घेताच परतीच्या गाडीकडे वळल्या.

पुढे कडबा बैलांनी संपवला आणि मी गोठ्याच्या कोपऱ्यात पडले. तिथेच मला गंज चढला. मित्रांनो, यंत्राला तेलपाणी करा, एवढे तर मी म्हणेनच. पण माणसांनाही सांभाळा. जाणाऱ्याची वाट अडवू नका आणि राहायचे ठरवले असेल, तर घरच्यांना ते तोंडाने सांगा.

रत्नाबाई त्या दिवशी अंथरुणाची वळकटी बांधून, राहायच्या तयारीने आल्या होत्या. त्यांना कुणी विचारलेच नाही.