शेंदूरजन्याची बाग, अमेरिकेचा कर

"पंजाबरावाला हिशोब विचारायचा नाही, रमा. ते देतील ते पंचफुलाबाईकडे जाऊ द्यायचं."

माझे यजमान, रविकांत, वारले त्याच्या थोडंच आधी हे म्हणाले होते. उभा जन्म त्यांनी अमरावतीच्या कोर्टात लोकांच्या हिशोबांची भांडणं चालवली, पण वरूडजवळच्या शेंदूरजन्याच्या आमच्या संत्र्याच्या बागेत त्यांना ती नको होती. बाग पंजाबराव करायचे, बहार व्यापाऱ्याला विकून निम्मं स्वतः ठेवायचे. आमचं निम्मं परस्पर पंचफुलाबाईला जायचं. ती दवाखान्याबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना जेवण रांधून घालते.

ते गेल्यावर मी मुलाकडे, केयूरकडे, अमेरिकेत नातीजवळ राहायला गेले. ग्रीन कार्ड मिळून चार वर्षं झाली. हिवाळ्यात तेवढी अमरावतीला येते. माझ्या पेन्शनच्या तिकडच्या कराचे कागद केयूर भरतो, सही मी करते. त्यात बाग कधी आली नाही. शेतीच्या पैशावर कर नसतो, हे आपल्याकडे लहान पोरही सांगेल.

यंदा केयूरच्या मनात काय आलं, त्याने मला अकोल्याला प्रतीक्षाकडे पाठवलं. ती सीए, परदेशात राहणाऱ्यांचीच कामं बघते. मी शाळेत शिकवायचे तेव्हा माझ्या वर्गात होती.

"बाई, इथे कर नाही हे खरंय," ती म्हणाली. "पण तुम्ही आता तिथल्या रहिवासी. तुमचं जगात कुठेही उत्पन्न असो, तिथे दाखवावं लागतं. पेन्शन, व्याज, संत्रीसुद्धा."

"अगं, तो पैसा मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. सगळा जेवणाला जातो."

"गेला कुठे ते नंतर. आधी आला कोणाला? सातबारा तुमच्याच नावावर ना?"

मी मान हलवली.

"मग चारही वर्षांचे आकडे आणा. मागचे कागद दुरुस्त करून पाठवू. आपण होऊन सांगितलेलं बरं."

संध्याकाळी केयूरला फोन केला. तो म्हणाला, "अंदाजे टाकू ना काहीतरी. कोण येतंय वरूडला तपासायला?"

"सहीच्या वर लिहिलेलं असतं ना रे, हे सगळं खरं आहे म्हणून?"

"असतं."

"मग अंदाज कसा चालेल?"

फोन ठेवला आणि जपाला बसले. मणी कुठवर आला तेच कळेना. पुन्हा पहिल्यापासून धरला, पुन्हा सुटला. गुरुवार होता, उपास सोडायचा होता, तो तसाच राहिला. आकडे विचारले तर पंजाबराव दुखावतील, बाग सोडतील, पंचफुलाबाईची चूल थंड होईल. नाही विचारले तर खोट्या कागदावर नातीजवळ राहायचं. उठले, गॅलरीत गेले, परत आत आले. तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घातलं.

सकाळच्या गाडीने शेंदूरजना गाठलं. मृग बहाराची तोड चालू होती. पंजाबरावांनी ओट्यावर सतरंजी टाकली, मैनाबाईने चहा आणला. बोलायचं कसं हे मी वाटभर घोळवलं होतं, तरी तोंडून निघालं ते सरळच.

"पंजाबराव, चार वर्षांत बाग कितीकितीला गेली, ते हवं होतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "हिशोब पायजे?"

"मला नाही. तिकडच्या सरकारला."

"काहून? त्या सरकारनं उन्हायात टँकर टाकला काय आपल्या झाडाईले?"

मैनाबाई पदराआड हसली. पंजाबराव हसले नाहीत.

"सायबानं मले जिंदगीत इचारलं नाही वयनी, अन् तुमी इचारून राहिल्या. पुढच्या बहाराले दुसरा मानूस पाहा."

"अवं, त्याईले बोलू त द्या," मैनाबाई म्हणाली. "आल्याबरोबर बागेची चाबी फेकून राहिले हातात."

"हिशोब तुमचा नाही, माझा निघालाय," मी म्हटलं. "माझं उत्पन्न एवढंच, असं नकळत लिहून देत आले मी. आता खरं सांगायचंय, आणि खरं तुमच्याजवळ आहे. कर लागेल तो माझ्या पेन्शनीतून जाईल. जेवणाच्या पैशाला हात लागणार नाही."

त्यांनी कप उचलून उरलेला चहा संपवला.

"आकडे व्यापाऱ्यापाशी हायेत, वरूडच्या मंडीत," शेवटी म्हणाले. "पन मी तिथं जाऊन चार वर्साचे भाव मांगतले त गाव म्हनन, वयनीनं पंजाबरावाले चोर धरलं. मंग म्या तोंड कुठं दाखवू?"

"मी येते. सगळ्यांसमोर मीच सांगते, कोणाचा हिशोब आहे ते."

"तुमी? मंडीत? तुमचा आवाज त या ओट्याखाली उतरत नाही."

"जवळ येऊन ऐकतील. उद्या सकाळी सांगते, शब्द देते तुम्हाला."

ते उठून बागेत तोडीकडे गेले. मैनाबाईने रात्री माझं अंथरूण आतल्या खोलीत घातलं.

सकाळी आंघोळ, पोथी आटोपून बाहेर आले. अंगणात पंजाबराव दुपट्टा झटकत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गर्दी लय रायते तिथं. ढकलाढकली करतेत मानसं."

"असू दे गर्दी. शब्द दिलाय मी," मी म्हटलं. चपला घातल्या, पदर खोचला, फाटकाची कडी हळूच काढली आणि वरूडच्या ऑटोकडे चालू लागले.