कानापर्यंतचा गळा

मी एक जुना, हिरवट लोकरीचा स्वेटर आहे. मित्रांनो, माझं निम्मं आयुष्य पत्र्याच्या ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात गेलं. माझा गुन्हा एकच, माझा गळा फार उंच होता.

एका जवानाच्या बायकोने मला विणलं. पायाने पाळण्याची दोरी ओढायची आणि हातांनी टाके घालायचे. "आई, थंडी आधी कानात शिरते," असं सासूला सांगत तिने माझा गळा थेट कानापर्यंत चढवला.

छावणीत मात्र नियम होता. घरचा स्वेटर घालायचा तर वर्दीच्या शर्टाच्या आत. गळ्याशी, मनगटाशी एक धागाही दिसता कामा नये. जवानाने माझा गळा आत दुमडला, तर कॉलर टम्म फुगली. हजेरीच्या वेळी हवालदार समोर थांबला.

"काय रे, अजगर गिळलास का?"

अख्खी रांग हसली.

"उद्या हा गळा दिसता कामा नये. काप, नाहीतर घालू नकोस."

त्याच्याने मला कापवलं नाही. मला ट्रंकेत ठेवून त्याने कुलूप लावलं आणि घरी लिहिलं, 'स्वेटर रोज घालतो. गळ्याला फार ऊब येते.'

पहाऱ्यावरून येऊन तो खोकत बसायचा. मला पत्र्याआडून ऐकू यायचं. ऊब सगळी माझ्यापाशी, आणि मी कुलपात. बाह्या दोन होत्या, पण कुलूप काढायला हात नव्हते.

पुढच्या हिवाळ्यात झाकण उघडलं. मी हरखलो. तेवढ्यात अंगावर घरून आलेला दुसरा स्वेटर येऊन पडला. त्याचा गळा माझ्याहून चार बोटं उंच! पत्र वाचून बिचारीने जास्तच मन लावलं होतं. झाकण पुन्हा बंद.

तिसऱ्या वर्षी खोकला छातीत उतरला, तेव्हा ती लेकराला कडेवर घेऊन स्वतःच आली. लेकरासाठी पांघरूण शोधताना तिने उशाखालची किल्ली घेऊन ट्रंक उघडली.

"अहो, हे काय? रोज घालता ना?"

त्याने मान खाली घालून नियम सांगितला.

"मग हेच दोन ओळींत लिहायला काय झालं होतं? गळा उसवून परत विणता येतो. छाती येते का?"

तिथेच खाटेवर बसून तिने माझा गळा उसवला. दुसऱ्याच्या गळ्याचं तर लेकराला झबलं झालं. तेव्हापासून मी शर्टाच्या आत राहिलो. तिथेही अंधारच, तिथेही कोंडलेलाच. पण माझ्याखाली घरघरणारी ती छाती हळूहळू शांत झाली.

मित्रांनो, मायेने दिलेली वस्तू अडचणीची असेल, तर 'छान आहे' म्हणून ती कुलपात घालू नका. वेळेवर सांगा. विणणाऱ्याला उसवण्याचं दुःख नसतं. आपल्या माणसाला थंडी कुठे वाजते, एवढंच त्याला कळायला हवं असतं.