कुलपातला कॉम्प्युटर

मित्रांनो, अंबरनाथ पश्चिमेला एका जुन्या सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर, खिडकीखालच्या टेबलावर जो काळा, जाडजूड कॉम्प्युटर ठेवलेला आहे, तो मी. माझ्या पिढीतले बहुतेक जण केव्हाच भंगारात गेले. त्यांच्यापेक्षा मी काही फार हुशार नव्हतो. मला फक्त वापरलेच गेले नाही.

माझे सुटे भाग उल्हासनगरच्या एका अरुंद दुकानात जोडले गेले. दुकानदार सिंधी होता आणि बोलण्यात मोठा गोड. "साब, चीज एकदम बढ़िया है. आप बस बच्ची को पढ़ाओ," असे म्हणून त्याने मला खोक्यात भरले आणि वर एक माऊस फुकट टाकला. मला घेणारे श्यामकांत हे एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. त्यांची मुलगी अनुया नुकतीच इंजिनिअरिंगला गेली होती. दसऱ्याला त्यांच्या पत्नीने, म्हणजे मालिनीबाईंनी, माझ्या माथ्यावर झेंडूचे फूल ठेवले आणि हळदीकुंकू लावले. इतका मान मला नंतर कधी मिळाला नाही.

आता श्यामकांतांबद्दल सांगायलाच हवे. त्यांच्या कारखान्यात एक नियम होता. यंत्र दुरुस्त करायचे तर आधी त्याची वीज बंद करायची, बटणाला आपले स्वतःचे लाल कुलूप घालायचे आणि चिठ्ठी अडकवायची. ज्याने कुलूप घातले, त्यानेच ते काढायचे. दुसऱ्या कोणी, अगदी मालकानेसुद्धा, त्याला हात लावायचा नाही. "या एका नियमाने किती जणांचे हात शाबूत राहिलेत ते मला विचारा," असे ते जेवताना सांगत. घरच्यांना ते पाठ झाले होते. गॅसची शेगडी बिघडली तरी हे गृहस्थ सिलिंडरवर चिठ्ठी लावत.

अनुया माझ्यावर अभ्यास करायची, आणि अभ्यास संपला की मैत्रिणीच्या पेनड्राइव्हवरून आणलेला मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळायची. खरे सांगायचे तर अभ्यास संपण्याचीही ती फारशी वाट पाहत नसे. तिच्या बोटांखाली मी खुशीत घरघरायचो. पुढे एका विषयात ती नापास झाली. श्यामकांतांनी कारखान्यातून प्लगवर बसवायची लाल डबी आणली, माझा प्लग तिच्यात कोंडला आणि कुलूप घातले. खाली चिठ्ठी लटकली: 'धोका. चालू करू नये.' त्याखाली त्यांची सही.

मित्रांनो, मी काही धोकादायक नव्हतो. पण बापाला मुलीची काळजी वाटते तेव्हा त्याला हातातले हत्यारच आठवते, आणि त्यांच्या हातात कुलूप होते.

अनुया रडली आणि मग हट्टाला पेटली. तिने कॉलेजच्या लॅबमध्ये अभ्यास केला, तो विषय सोडवला, पदवी घेतली, ऐरोलीला नोकरी धरली. पण कुलूप काढा असे ती म्हणाली नाही. मागितल्याशिवाय काढायचे नाही, असे बापानेही ठरवले. दोघांचा स्वभाव एकाच मातीचा. मालिनीबाईंनी माझ्यावर क्रोशाचे आवरण घातले आणि त्यावर फुलदाणी ठेवली. मी वर्षानुवर्षे फुलदाणीचे टेबल होऊन राहिलो. मला त्याचे फार वाईट वाटत असे.

श्यामकांत निवृत्त झाले, आणि पुढच्याच वर्षी एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातून निसटला. अर्धांगवायूचा झटका होता. जीव वाचला. काठी टेकत ते चालूही लागले. जीभ जड झाली तरी शब्द कळत होते. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की हे सुरुवातीचे महिने महत्त्वाचे आहेत. आता हात चालवला तर तो बराचसा परत येईल, नाहीतर असाच राहील.

वैष्णवी नावाची फिजिओथेरपिस्ट बेलवलीहून यायची. ती त्यांच्यापुढे रबरी चेंडू धरायची, ताटलीत वाटाणे मांडायची. श्यामकांत मान फिरवायचे.

"काका, एकच वाटाणा उचला."

"कशाला? झालं... माझं."

या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे हात सांभाळले आणि स्वतःचा हात असा टाकून दिला, हे बघून माझ्या आवरणाखाली मला गुदमरायला होत असे.

"काकू, काकांना इंटरेस्ट कशात आहे?" वैष्णवीने एकदा दारात चप्पल घालताना विचारले.

"नियमांत," मालिनीबाई म्हणाल्या.

अनुया ते ऐकत होती. रविवारी तिने माझ्यावरची फुलदाणी उचलली, आवरण काढले. तिच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर खेळ टाकायची परवानगी नव्हती, म्हणून तिला मी आठवलो. "बाबांना एखादा गेम लावून देते. माऊस तरी हलवतील," ती आईला म्हणाली. मग तिला कुलूप दिसले आणि तिने ते आईला दाखवले.

"इलेक्ट्रिशियनला बोलावू. कापून टाकेल," मालिनीबाई म्हणाल्या.

खुर्चीतून आवाज आला, "कापायचं... नाही. माझं कुलूप आहे."

त्यांनी किल्ल्यांचा जुडगा मागितला. डाव्या हाताने किल्ली कुलपात घातली, पण कुलूप टेबलावर सरकू लागले. ते धरायला दुसरा हात हवा होता. अनुयाने हात पुढे केला तर त्यांनी तिच्याकडे असे पाहिले की तिने तो मागे घेतला. मग त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला, एखादी जड वस्तू ठेवावी तसा कुलपावर ठेवला, आणि त्याचे वजन देऊन किल्ली फिरवली. कुलूप उघडले. अनुया स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

मी सुरू झालो खरा, पण मी अजून जुन्याच काळात होतो. माझ्या पोटातला बटणाएवढा सेल संपलेला, त्यामुळे तारीख भलतीच. तारीख चुकली की इंटरनेटवरची दुकाने दार उघडत नाहीत, संशय घेतात. शुक्रवारी रजा काढून अनुयाने स्टेशनजवळच्या घड्याळाच्या दुकानातून सेल आणला, तारीख नीट केली आणि कॉम्प्युटरवरचे खेळ मिळतात ते ऑनलाइन दुकान शोधले.

आमच्या काळात खेळ पेनड्राइव्हमधून यायचे, सोबत रोगही आणायचे. हे दुकान वेगळे होते. आधी त्यांच्याच वेबसाइटवरून दुकानाचे अ‍ॅप उतरवायचे, दुसरीकडून नाही. मग खाते उघडायचे. तिथे नाव, पासवर्ड, ईमेल. ईमेलवर एक दुवा येतो, त्यावर क्लिक केले की खाते पक्के होते. अनुया प्रत्येक पायरी मोठ्याने वाचत होती. पासवर्डच्या वेळी श्यामकांत पहिल्यांदा बोलले, "सोपा... ठेवू नको."

खाते उघडले. आत 'लायब्ररी' नावाचे कपाट होते, अगदी रिकामे. अनुयाने फुकट मिळणारे खेळ निवडले आणि प्रत्येकाखाली लिहिलेली 'किमान गरज' वाचू लागली, म्हणजे कॉम्प्युटर निदान इतका तरी ताकदीचा हवा. एकेक खेळ माझ्या आवाक्याबाहेर जात होता. मित्रांनो, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. शेवटी एक छोटा खेळ सापडला. पाण्याचे पाइप जोडून एका कारखान्यातून पाणी खेळवायचे, इतकेच. तेवढी माझी ताकद होती.

तो उतरू लागला आणि वीज गेली. शुक्रवार होता, दुरुस्तीसाठी आमच्याकडे वीज शुक्रवारीच जाते. संध्याकाळी वीज आल्यावर खेळ जिथे थांबला होता तिथूनच पुढे उतरू लागला. "अरे वा, पहिल्यापासून नाही करावं लागत," मालिनीबाई म्हणाल्या.

श्यामकांत पाहुण्यासारखे शेजारी बसले. अनुया खेळून दाखवत होती. ते पडद्याकडे बघत होते की भिंतीकडे, सांगता येत नव्हते. तिने एक व्हॉल्व्ह बसवला, पाणी सोडले.

"उलटा आहे," श्यामकांत म्हणाले.

"काय उलटं, बाबा?"

"व्हॉल्व्ह. उलटा बसवलास. आणि त्या जिन्याला... कठडा कुठाय? माणूस पडेल."

"बाबा, गेम आहे तो."

"मग काय... माणसं पडू द्यायची?"

त्यांना खरोखर राग आला होता. आणि त्या रागात मांडीवरचा उजवा हात सरकला, टेबलाच्या कडेला अडखळला आणि माऊसवर येऊन पडला. बोटांनी माऊस हलवला नाही, नुसता दाबला. भलतीकडेच एक पाइप उगवला. कोणी हसले नाही.

त्या दिवसापासून ते रोज बसू लागले. पाइप वाकडे लागायचे, पाणी वाहून जायचे, त्यांना घाम फुटायचा. मला धाप लागायची, पण मी एकदाही बंद पडलो नाही. माझ्या साऱ्या आयुष्यात मी इतके मन लावून काम केले नव्हते. हळूहळू त्यांचे बोट वाकू लागले. वैष्णवीच्या ताटलीतले वाटाणेही ते उचलू लागले, अर्थात कुरकुर करत.

अडचण दुसरीच होती. अनुयाला थांबवत नसे. त्यांचा हात चुकीच्या जागी गेला की ती पटकन माऊस घ्यायची आणि काम उरकून टाकायची. मग श्यामकांत हात मांडीवर परत ठेवायचे. "तूच कर," म्हणायचे, आणि दोन-तीन दिवस टेबलाकडे फिरकायचे नाहीत. तेवढ्यात बोटे पुन्हा आखडायची.

एकदा मालिनीबाई तिला म्हणाल्या, "अनु, तू काम करून टाकतेस. त्यांचा हात रिकामाच राहतो."

"मग त्यांना असं धडपडताना बघत बसू?"

"हो. मी बघतेच आहे ना."

काही दिवसांनी तिची पुण्याला बदली झाली.

आणि मग दुकान उघडताच वर एक पट्टी दिसू लागली. मला चालवणारी प्रणाली जुनी झाली, लवकरच तिच्यावर हे दुकान चालणार नाही. माझे आयुष्य संपल्याचे मला असे एका ओळीत कळले. अनुयाने पुण्याहून नवा लॅपटॉप पाठवला. तो माझ्या शेजारी मांडला गेला. खेळ कॉम्प्युटरमध्ये नसतात, खात्यात असतात, नव्या मशीनवर आपले नाव घातले की सगळे परत मिळते, हे अनुयाकडून फोनवर ऐकून मला वाईट वाटले, हेवाही वाटला. मग माझ्यात काय होते?

नाव आणि पासवर्ड श्यामकांतांनी एकेक अक्षर करून घातला. पण मशीन नवे, म्हणून दुकानाने श्यामकांतांच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये दिसणारा अक्षरी कोड मागितला. तो कोड थोड्याच वेळात बदलतो. श्यामकांतांचे बोट मधल्या अक्षरापर्यंत पोचायचे आणि फोनवर दुसराच कोड यायचा. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच. व्हिडिओ कॉलवर अनुया कासावीस झाली. "आई, तू टाक ना पटकन. एका मिनिटाचं काम आहे."

"नाही," मालिनीबाई म्हणाल्या.

श्यामकांतांनी लॅपटॉप ढकलला. "होत नाही... माझ्याने." त्यांचा उजवा हात मांडीकडे निघाला. मला वाटले, आता तो पुन्हा कधीच वर येणार नाही. मालिनीबाईंनी अनुयाचा कॉल बंद केला, लॅपटॉप परत त्यांच्यासमोर सरकवला आणि आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण हात हलले नाहीत.

हात अर्ध्यावर थांबला. मग पुन्हा कळफलकावर आला. एक अक्षर. दुसरे. तिसऱ्याला बोट घसरले, सावरले. शेवटचे अक्षर पडले आणि कपाट उघडले. खेळ उतरला, आणि त्यातला त्यांचा कारखाना होता तसाच होता.

त्यांनी स्वतः फोन लावला. "अनु, उघडलं." थोडे थांबून म्हणाले, "मीच."

पलीकडून "हो, बाबा," एवढेच आले.

मित्रांनो, माझा पडदा आता काळाच असतो. मला जपा असे म्हणायचा माझा दिवस गेला, आणि त्याचे दुःख आहे, नाही असे नाही. पण एक विनवणी आहे. तुमच्या घरात कोणाची बोटे अडखळत असतील, एखादे साधे काम त्याला जमता जमत नसेल, तर ते काम तुम्ही उरकून टाकू नका. त्याच्या शेजारी बसा, आणि आपले हात मांडीखाली घट्ट दाबून ठेवा.