डोणीतले पाणी

आश्रुबांनी चुडाव्याच्या शिवारात विहीर खोदली. त्यांचे चिरंजीव दत्तराव यांनी तिच्या काठाशी गुरांना पाणी पाजण्यासाठी दगडी डोण बसवली. दत्तरावांचे चिरंजीव दिनकरराव यांनी त्या डोणीवर आलेल्या जित्राबाला कधी हुसकावले नाही. आणि दिनकररावांचा मुलगा महारुद्र याने त्याच विहिरीला लागून बंगला बांधला व समोर हिरवळ लावली.

त्या हिरवळीवर त्याच्या लेकीचा, सृष्टीचा, साखरपुडा व्हायचा होता. गवताचे एखादे पान पिवळे दिसले की महारुद्राचा जीव खालीवर होई आणि तो युरियाचे पोते उसवी. मुठीने फेकलेल्या युरियाने गवतावर करपल्याचे डाग पडू लागले, तेव्हा त्याने नवी युक्ती काढली. घरात गुरे उरली नव्हती. डोण रिकामीच होती. तिच्यात तो युरिया विरघळवू लागला आणि बादलीने गवतावर शिंपू लागला.

त्याच सुमारास मेंढपाळ मल्हारी कळप घेऊन आला. दरसाल सुगी झाली की त्याची मेंढरे या रानात बसत. त्यांच्या लेंड्यांवर जमीन पोसली जाई आणि बदल्यात या घरातून ज्वारी जाई.

"औंदा नको," महारुद्र फाटकातूनच म्हणाला. "पाव्हणे यायलेत. लेंड्यांचा वास सुटंल."

"मालक, वास दोन दिस ऱ्हातो, कस वरीसभर ऱ्हातो," मल्हारी हसून म्हणाला.

"मला शेती शिकवायलास का?"

मल्हारी वळला. मेंढरे मात्र वळली नाहीत. उन्हाने त्यांच्या घशाला कोरड पडली होती आणि डोणीची वाट पायाखालची होती. कुंपणाच्या फटीतून पुढची काही आत घुसली आणि घटाघटा प्याली.

थोड्याच वेळात पहिली मेंढी थरथरू लागली. पोट फुगले, तोंडाला फेस आला, पाय झाडत ती हिरवळीवर आडवी झाली. मागोमाग दुसरी. तिसरी गाभण होती. मल्हारीची बायको कासाबाई तिचे डोके मांडीवर घेऊन बसली. "ऊठ गं माझे बाई, ऊठ!"

"यांना आत कोणी सोडलं?" महारुद्र ओरडला. "साखरपुडा तोंडावर आलाय अन् हा घाणेरडा तमाशा!"

"महारुद्रा!"

ओसरीवरून आवाज आला. त्याची आई, नर्मदाबाई, काठी टेकीत खाली उतरल्या.

"डोणीत काय कालवलंस?"

"युरिया. गवताला. आई, मला काय ठाऊक..."

"ठाऊक न्हाई? डोण दिसली की मुकं जनावर भरवशानं तोंड घालतं. तो भरवसा तुझ्या आजोबानं दिला होता. तू मोडलास! अन् हे डोणीतलं आज डोळ्यांला दिसलं. रोज मातीत ओततोस ते कुठं जातं रे? चार हातांवर विहीर हाय. तेच पाणी तुझी लेक पिते!"

महारुद्राने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

पूर्णेहून डॉक्टर आले. त्यांनी शिकस्त केली. दोन मेंढ्या तगल्या, पाच गेल्या. गाभण मेंढीही गेली आणि तिच्या पोटातले पिल्लूही.

"मालकाची चूक न्हाई," मल्हारी खाली बघत म्हणाला. "मलाच वळवायला उशीर झाला."

त्या शब्दांनी महारुद्र मान खाली घालून उभा राहिला. "भरपाई घे," तो कसाबसा म्हणाला. "सांगशील ती."

"पैसे फेकून मोकळा व्हतोस व्हय?" नर्मदाबाई कडाडल्या. "अजून आधीचंच फिटलं न्हाई! मोठ्या दुष्काळात रान मेलं होतं. बैल गेले, शेणखत न्हाई. ह्या मल्हारीच्या आज्यानं महिनाभर मेंढरं बसवली, तवा पुढल्या साली ज्वारी उभी राहिली. दत्तरावांनी सुगीला धान द्यायचा शब्द दिला अन् सुगीआधीच डोळे मिटले. तुझ्या वडलांना मी आठवण दिली. देऊ म्हणाले, अन् राहिलं. ह्या लोकांनी कधी तोंडातून काढलं न्हाई."

महारुद्राने कुदळ उचलली. विहिरीपासून दूर, माळाकडच्या अंगाला, त्याने स्वतः खोल खड्डा खणून मेलेल्या मेंढ्या पुरल्या. परतताना हिरवळीवर वाकून त्याने गवताचा एक गड्डा उपटला. खाली माती विटेसारखी घट्ट होती. तिच्यात एकही गांडूळ नव्हते. काय पोसत होतो आपण!

साखरपुडा परभणीला कार्यालयात झाला. हिरवळीवर त्या वर्षी मेंढरे बसली. महारुद्राने युरिया बंद केला आणि झाडांचा पाला जाळणे सोडले. पाला, भाजीची देठे आणि कापलेले गवत आता खताच्या खड्ड्यात कुजते आणि मातीत परत जाते. अंगणाला बाग असलेल्या प्रत्येकाने एवढे ध्यानात ठेवावे: खाऊ घालायचे ते मातीला, पानांच्या रंगाला नव्हे, आणि मातीच्या पोटात जे घालू, ते पाण्यावाटे कोणाच्या ना कोणाच्या घशात उतरणारच!

आठवडी बाजारातून महारुद्राने पाच मेंढ्या आणल्या, त्यांतली एक गाभण. त्या आणि ज्वारीची पोती घेऊन तो मल्हारीच्या पालावर गेला. नर्मदाबाई जीपमध्ये ताठ बसून बघत होत्या.

"हे काय, मालक?"

"मेंढ्या तुझ्याच. ज्वारी दत्तरावांची."

कासाबाईने घोंगडी अंथरली. महारुद्र गुडघ्यांवर बसून माप ओतू लागला. शेवटचे माप त्याने शीग लावून भरले, ओतले, आणि आजोबांचा शब्द पुरा झाला.